राखीव क्वार्टरबॅकला मैदान द्या: एनएफएलच्या संघमालकांना खुले पत्र

प्रति,
नॅशनल फुटबॉल लीगच्या ३२ संघांचे मालक आणि आयुक्त श्री. रॉजर गुडेल,
न्यूयॉर्क.

विषय: राखीव खेळाडूंना वसंत ऋतूत युरोपात खेळायला पाठवण्याची बंद पडलेली व्यवस्था पुन्हा सुरू करण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

मी मूळचा सांगलीचा, दोन दशकांहून अधिक काळ पिट्सबर्गमध्ये राहणारा एक प्रेक्षक आहे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या पार्क अव्हेन्यूवरील कार्यालयाकडे टपालाने धाडली आहे. मराठीत ते जाहीर करण्याचे कारण असे, की पिट्सबर्ग, न्यू जर्सी, डॅलस इथल्या बऱ्याच मराठी घरांत आता रविवारी दुपारी अमेरिकन फुटबॉलच लागलेला असतो आणि त्यावरचे वादही मराठीतच रंगतात. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही, अशा वाचकांनाही या पत्रातला प्रश्न समजायला वेळ लागणार नाही, कारण संघाबरोबर गावोगाव हिंडून इतरांना पाणी नेऊन देणारा बारावा गडी क्रिकेटवर वाढलेल्या कोणाला माहीत नाही?

काही वर्षांपूर्वी एका संघाच्या उन्हाळी सराव शिबिराला मी गेलो होतो. संघ कोणता हे महत्त्वाचे नाही, बत्तीसही ठिकाणी थोडेफार हेच दिसेल. मैदानालगतच्या गवताच्या उतारावर बसून त्या दिवशी मी मुद्दाम फक्त तिसऱ्या क्वार्टरबॅककडे पाहत राहिलो. (क्वार्टरबॅक म्हणजे चढाईची सूत्रे हलवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू.) पहिला क्वार्टरबॅक डाव टाकत होता, मध्येच दुसरा येत होता, आणि हा तिसरा मुलगा त्यांच्या पंधरा-वीस यार्ड मागे एकटा उभा होता. प्रत्येक डावाला तो ओठांतल्या ओठांत डावाचे नाव पुटपुटायचा, स्नॅप झाला, म्हणजे चेंडू खेळात आला, की हाती चेंडू नसतानाच तीन पावले मागे जायचा, मान आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवायचा आणि रिकाम्या हाताने फेक पुरी करायचा. तासाभरात त्याच्या हाती खरा चेंडू, समोर खरे अकरा बचावपटू असताना, चार वेळा आला. उरलेला सगळा वेळ हवेतली फेक.

याच मुलावर उद्या सगळा हंगाम टेकलेला असू शकतो, हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. २९ जानेवारी २०२३ रोजी फिलाडेल्फियात सॅन फ्रान्सिस्को ४९अर्सचा जो सामना झाला, तो सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, दारातला सामना होता. त्यांचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी हा स्वतःच आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) शेवटचा, २६२ वा खेळाडू. पुढचे दोघे जायबंदी झाले म्हणून तो खेळायला आला होता. पहिल्याच चढाईत त्याचे कोपर दुखावले. त्याच्या जागी आलेल्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला तिसऱ्या सत्रात मार बसला. मग चेंडू फेकता येत नसलेला पर्डीच परत उभा राहिला आणि ४९अर्स ३१-७ असे हरले. त्यानंतर मे महिन्यात आपण नियम केला, की आणीबाणीसाठी तिसरा क्वार्टरबॅक गणवेश चढवून बाकावर बसवता येईल. नियम चांगलाच आहे. परंतु त्याने माणूस बाकावर आला, तयारी आली नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

तयारी होण्याच्या जागा तर आपण एकेक करून कमी केल्या. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या २०११ च्या करारानंतर हंगामात पूर्ण साहित्य चढवून करायचे सराव १४ वर आले आणि उन्हाळी शिबिरातले दिवसातून दोनदा होणारे कसून सराव बंद झाले. २०२१ पासून हंगामात १७ सामने आले आणि हंगामापूर्वीचे सामने चारांऐवजी तीन झाले. खेळाडूंच्या शरीराच्या दृष्टीने यातले बरेचसे योग्य होते आणि मला ते उलटवायचेही नाही. पण या काटकसरीचा भार कोणावर पडला? उपलब्ध स्नॅप कमी झाले, की आहेत ते पहिल्याला मिळतात. दुसऱ्याला उष्टे-खरकटे, तिसऱ्याला हवेतली फेक. क्वार्टरबॅकचे काम पाठांतराचे नाही; समोरून एकशे तीस किलोचा माणूस अंगावर येत असताना दुसऱ्या बाजूच्या खेळाडूकडे डोळा ठेवण्याचे आहे, आणि ते चित्रफिती पाहून येत नाही. चित्रफितीत आपल्याला कोणी पाडत नाही.

या दुखण्यावर आपल्याकडे एक औषध होते. १९९१ मध्ये आपण दहा संघांची वर्ल्ड लीग काढली. त्यातले सात संघ उत्तर अमेरिकेतले आणि लंडन, बार्सिलोना, फ्रँकफर्ट हे तीन युरोपातले होते. त्या वर्षी वेम्बलीवर झालेल्या अंतिम सामन्याला ६१,१०८ लोक आले होते. दोन हंगामांनंतर ती थांबली, १९९५ मध्ये सहा युरोपीय संघांनिशी पुन्हा उभी राहिली आणि १९९८ मध्ये तिचे एनएफएल युरोप असे नामकरण झाले. एप्रिल ते जून दहा सामने, आणि खेळायला कोण, तर आपल्याच संघांच्या करारात असलेले पण बाकावर बसलेले खेळाडू. जो संघ खेळाडू पाठवी, त्याला उन्हाळी शिबिरात जादा खेळाडू ठेवण्याची मुभा मिळे. (पन्नास यार्डांपेक्षा लांबून मारलेल्या गोलला तीनाऐवजी चार गुण देण्याची गमतीदार पद्धत तिथे होती. ती परत आणा असे मी म्हणत नाही, आणली तरी हरकत नाही.)

क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरची गोष्ट आपण सगळे सांगता, परंतु ती सोयीपुरती सांगता. दुकानाच्या फळीवर रात्रपाळीत माल लावणारा मुलगा सुपर बोल जिंकतो, इथेच ती थांबते. मधला भाग असा आहे. १९९४ मध्ये ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतले नाही आणि ग्रीन बेने शिबिरातून परत पाठवले. त्यानंतर तो आयोवात, छपराखाली, छोट्या मैदानावरचा अरीना फुटबॉल तीन हंगाम खेळला. सेंट लुई रॅम्सने त्याला करारबद्ध केले आणि १९९८ च्या वसंतात अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅडमिरल्सकडे पाठवले. पूर्ण आकाराच्या मैदानावर, अकरा विरुद्ध अकरा, आठवड्यामागून आठवडा त्याने तिथे चेंडू फेकला आणि त्या लीगमध्ये फेकींचे सर्वाधिक यार्ड व सर्वाधिक टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार पोचवून मिळवलेले गुण) त्याच्या नावावर लागले. परत आल्यावर रॅम्सनी काय केले? तिसऱ्या क्रमांकावर बसवले. सबंध १९९८ च्या हंगामात त्याला अकरा फेका मिळाल्या. पुढच्या वर्षी क्लीव्हलँडचा नवा संघ उभा राहत असताना रॅम्सनी त्याला राखून न ठेवता खुला सोडला, आणि क्लीव्हलँडनेही उचलला नाही. १९९९ च्या ऑगस्टमध्ये पहिला क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा गेला नसता, तर या माणसाला काय येते हे त्याच्या स्वतःच्या संघालाही समजले नसते. त्या हंगामात त्याने ४१ टचडाउन फेकले आणि ३० जानेवारी २००० च्या सुपर बोलमध्ये ४१४ यार्ड.

यातून मी दोन धडे घेतो. युरोपातल्या दहा सामन्यांनी माणूस तयार झाला, हा एक. आणि तो तयार झाल्याचे पाठवणाऱ्यांनी पाहिलेच नाही, हा दुसरा. मुलाला बोर्डिंगात घालायचे आणि निकालपत्रक उघडायचे नाही, असा तो प्रकार होता.

त्या अ‍ॅमस्टरडॅममध्ये वॉर्नरच्या मागे राखीव म्हणून बसलेला मुलगा होता जेक डेलोम. पुढच्या वर्षी तो फ्रँकफर्टसाठी खेळला. १ फेब्रुवारी २००४ रोजी सुपर बोलमध्ये कॅरोलायना पँथर्सचा क्वार्टरबॅक तोच होता. त्याने ३२३ यार्ड फेकले आणि सामना बरोबरीत आणला. मग शेवटचे चार सेकंद उरले असताना ४१ यार्डांवरून गोल मारून न्यू इंग्लंडला ३२-२९ असे जिंकून देणारा अ‍ॅडम व्हिनाटिएरी हासुद्धा १९९६ च्या अ‍ॅमस्टरडॅम संघातलाच. त्याच्या आदल्या वर्षी, २००३ च्या जानेवारीत, टँपा बेला सुपर बोल जिंकून देणारा ब्रॅड जॉन्सन १९९५ मध्ये लंडन मोनार्क्ससाठी खेळून आला होता.

आणि आमचा जेम्स हॅरिसन. ‘आमचा’ म्हणताना माझा तटस्थपणा सुटतो, पण पिट्सबर्गमध्ये राहून दुसरे काय होणार! ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला, पिट्सबर्ग स्टीलर्सनी एकापेक्षा अधिक वेळा काढून टाकलेला हा खेळाडू बाल्टिमोरमार्फत २००४ च्या वसंतात ऱ्हाइन फायरकडे गेला. त्याच उन्हाळ्यात तो पिट्सबर्गला परतला आणि २००८ मध्ये सर्वोत्तम बचावपटू ठरला. ड्राफ्टबाहेरून आलेल्या कोणालाही तोवर हा मान मिळाला नव्हता. १ फेब्रुवारी २००९ चा सुपर बोल आम्ही एका मित्राच्या घरी तळघरात पाहिला. पहिला अर्धा भाग संपायला १८ सेकंद होते, अ‍ॅरिझोना आमच्या एक यार्डाच्या रेषेवर उभा होता, आणि वहिनी बटाटेवड्यांचे ताट घेऊन जिना उतरत होत्या. वॉर्नरने (होय, तोच, आता अ‍ॅरिझोनाचा) फेक केली. हॅरिसन मध्ये आला, त्याने चेंडू पकडला आणि शंभर यार्ड, म्हणजे मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, धावत जाऊन तो टचडाउनच्या पट्ट्यात कोसळला. तळघरातला गोंधळ ओसरल्यावर वडे गार झाले होते. अ‍ॅमस्टरडॅमहून आलेल्याची फेक ऱ्हाइन फायरकडून आलेल्याने पकडली, हे त्या रात्री कोणाच्याही ध्यानात आले नाही. तेव्हा आपण ती लीग बंद करून दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

क्वार्टरबॅकपुरतेच बोलून इतरांवर अन्याय नको. बार्सिलोनाहून आलेला ला’रॉय ग्लोव्हर २००० मध्ये न्यू ऑर्लिन्ससाठी १७ वेळा क्वार्टरबॅकला पाडून लीगमध्ये पहिला आला. महाविद्यालयात टाइट एंड (अडवणारा आणि चेंडूही पकडणारा खेळाडू) असलेला ब्रायन वॉटर्स बर्लिनमध्ये खेळून आला आणि पुढे कॅन्सास सिटीचा गार्ड (पुढच्या फळीत अडवणारा खेळाडू) होऊन प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी निवडला गेला. जागा बदलणाऱ्याला तर स्नॅपची गरज सगळ्यांत जास्त असते आणि शिबिरात त्यालाच ते कमी मिळतात. मात्र एवढी नावे घेतल्यावर हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे, की युरोपात गेलेल्या बहुतेकांची नावे कोणाला आठवत नाहीत. शाळेतून सगळेच पहिले येत नाहीत. शिवाय बरेच संघ आपल्या लाडक्या राखीव खेळाडूला पाठवतच नसत. ज्याच्यावर फारशी आशा नाही त्याला पाठवत, आणि मग ‘युरोपात पाठवला’ याचा अर्थ ‘वाऱ्यावर सोडला’ असा होऊन बसला. तो अर्थ खेळाडूंना कळत होता.

२३ जून २००७ रोजी त्या लीगच्या शेवटच्या अंतिम सामन्यात, फ्रँकफर्टमध्ये ४८,१२५ प्रेक्षकांपुढे, हँबर्गने फ्रँकफर्टला ३७-२८ असे हरवले. सहाच दिवसांनी, २९ जून रोजी, लीग बंद झाल्याची घोषणा आपण केली. वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर तोटा होतो असे तेव्हा छापून आले होते, आणि यापुढे नियमित हंगामातलेच सामने परदेशात नेऊ, असे आपले म्हणणे होते. ते आपण केलेही. त्याच ऑक्टोबरात वेम्बलीवर न्यूयॉर्क आणि मायामी खेळले. २०२२ मध्ये म्युनिक आले. २०२५ मध्ये साओ पावलो, डब्लिन, लंडन, बर्लिन, माद्रिद असे सात सामने परदेशांत झाले. व्यापार म्हणून हा निर्णय बरोबर ठरला, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप हिशेबाच्या खात्याबद्दल आहे. ती लीग आपण जाहिरातीच्या खात्यावर लिहिली, म्हणून ती तोट्यात दिसली; प्रशिक्षणाच्या खात्यावर लिहिली असती तर कोणी तिला तोटा म्हटले नसते. सराव शिबिराने नफा मिळवावा, अशी अपेक्षा आपण करता का?

३ कोटी डॉलर ३२ संघांत वाटले, तर प्रत्येकी साडेनऊ लाखांच्या आत येतात. २०२५ मध्ये एका वर्षाचा अनुभव असलेल्या खेळाडूचे किमान वेतनच ९ लाख ६० हजार होते. भाव वाढले म्हणून खर्च दुप्पट धरा, तिप्पट धरा. ग्रीन बेचा संघ भागधारकांचा असल्यामुळे त्याला हिशेब जाहीर करावा लागतो, आणि त्यावरून आम्हा बाहेरच्यांना कळते, की लीगच्या सामाईक उत्पन्नातून प्रत्येक संघाला वर्षाला ४३ कोटी डॉलरच्या आसपास मिळतात. त्यापुढे ही रक्कम आपण मनावर घ्यावी अशी नाही.

अमेरिकेतच वसंतात यूएफएल ही वेगळी लीग खेळली जाते, मग परदेश कशाला, असे आपण विचाराल. त्या लीगबद्दल मला आदर आहे. कॅव्हॉन्टे टर्पिन तिच्या आधीच्या यूएसएफएलमधून डॅलसला आला, जेक बेट्स मिशिगन पँथर्ससाठी गोल मारून डेट्रॉइट लायन्सकडे गेला. वसंतातल्या सामन्यांनी माणसे घडतात याचा हा ताजाच पुरावा. परंतु तिथे ज्यांचा आपल्याशी करार नाही तेच खेळतात. आपल्या करारातला तिसरा क्वार्टरबॅक तिकडे जाऊ शकत नाही, म्हणजे ज्याला सर्वाधिक गरज आहे तोच दाराबाहेर. आणि युरोप अशासाठी, की प्रेक्षक तिथे तयार आहेत. २०२१ मध्ये युरोपियन लीग ऑफ फुटबॉल सुरू झाली, तेव्हा तिने फ्रँकफर्ट गॅलक्सी, हँबर्ग सी डेव्हिल्स ही जुनीच नावे आपल्या संमतीने घेतली. चौदा वर्षांनंतरही त्या नावांना किंमत होती. शिवाय घरापासून लांब, स्थानिक वर्तमानपत्रांच्या आणि रेडिओवरच्या पंडितांच्या नजरेआड चुका करण्याची मोकळीक क्वार्टरबॅकला मिळते. लंडन आणि बार्सिलोनाचे संघ टिकले नाहीत आणि शेवटी सहापैकी पाच संघ जर्मनीत एकवटले, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच सुरुवात जर्मनीतच करा आणि चार संघांवर भागत असेल तर चारच करा.

खरी अडचण खेळाडूंची संघटना आहे, आणि तिचे म्हणणे रास्त आहे. २०१९ मध्ये अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉलने राखीव खेळाडू मागितले तेव्हा संघटना राजी झाली नाही, आणि ती लीग आठ आठवड्यांत बंद पडली. वसंतात दहा सामने आणि शरदात सतरा, असा मार कोणतेही शरीर सुखाने सोसत नाही. पण ज्याने शरदात एकही स्नॅप घेतला नाही, त्याच्या शरीराची झीज कोणती? तेव्हा अट अशी असावी, की मागच्या हंगामात अगदी मोजके स्नॅप खेळलेल्या, तीन वर्षांहून कमी अनुभवाच्या खेळाडूलाच आणि तेही त्याच्या लेखी संमतीने पाठवता येईल. तिथे दुखापत झाल्यास पुढच्या हंगामाचे पूर्ण वेतन आणि उपचार पाठवणाऱ्या संघाने द्यावेत, आणि तो हंगाम त्याच्या निवृत्तिवेतनासाठीच्या सेवाकाळात धरला जावा. हे कलम कागदावर आल्याशिवाय संघटनेने सही करू नये, असे मी संघटनेलाही याच पत्रातून सांगतो.

दुसरी अडचण मुख्य प्रशिक्षकांची. एप्रिल ते जून या काळात संघाचे वर्ग चालतात, नवे डाव शिकवले जातात, आणि नेमका त्याच वेळी मुलगा बर्लिनला असेल तर तो मागे पडेल, ही त्यांची भीती. इंटरनेट यायच्या दिवसांत ती बरोबर होती. आज तोच डावांचा संच टॅबलेटवर असतो आणि बैठक पडद्यावर होते. उलट प्रत्येक संघाने आपला एक सहायक प्रशिक्षक सोबत पाठवावा, म्हणजे वॉर्नरचे झाले तसे निकालपत्रक न उघडता पडून राहणार नाही. आणि प्रत्येक संघाने चार खेळाडू पाठवावेत, त्या चौघांत एक क्वार्टरबॅक असलाच पाहिजे, नाहीतर सगळे मिळून फक्त नावडतेच पाठवतील. या एका अटीवर मी अडून बसेन.

माझ्या मूळच्या खेळातले एक उदाहरण देतो, ते परके वाटले तरी ऐकावे. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या ज्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून कसोटी हरली नव्हती, तिथे भारताचे नेहमीचे गोलंदाज जखमी होऊन बसले होते. पालघरचा शार्दूल ठाकूर दुसरीच कसोटी खेळत होता, नेटमध्ये गोलंदाजी करण्यासाठी थांबवून घेतलेला वॉशिंग्टन सुंदर पहिली. भारत ६ बाद १८६ असताना दोघांनी १२३ धावा जोडल्या आणि पुढे कसोटीही भारताने जिंकली. लोक त्याला चमत्कार म्हणाले. पण ठाकूर त्याआधी मुंबईसाठी वर्षानुवर्षे रणजी खेळलेला होता, मोहम्मद सिराज भारत ‘अ’ संघातून खेळून आलेला होता. ते राखीव होते, बसून राहिलेले नव्हते. आपल्या तिसऱ्या क्वार्टरबॅकला रणजीही नाही आणि ‘अ’ संघही नाही.

संघमालकांची वार्षिक बैठक मार्चमध्ये असते आणि नियम बदलायला ३२ पैकी २४ मते लागतात. येत्या बैठकीत निर्णय व्हावा असा माझा आग्रह नाही. खेळाडूंच्या संघटनेचे प्रतिनिधी, दोन-तीन मुख्य प्रशिक्षक आणि युरोपात खेळून आलेले काही जुने खेळाडू यांची एक समिती त्या बैठकीत नेमावी, आणि वर्षभरात तिचा अहवाल जाहीर करावा, एवढीच विनंती आहे. समितीचे पहिले काम म्हणून मागच्या उन्हाळ्यात प्रत्येक संघाच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकने अकराविरुद्ध अकरा सरावात किती चेंडू फेकले, हा आकडा बत्तीसही संघांकडून मागवावा. सरावाची चित्रफीत प्रत्येक संघाकडे असतेच. मोजायला एक दुपार पुरेल.

कळावे,
आपला विश्वासू,
पिट्सबर्ग येथील एक मराठी प्रेक्षक